टुकूच्या आईने दार लावलं

दोन दिवसांचं प्रशिक्षण आटोपून विद्युल्लता पोतनीस सोमवारी शाळेत आल्या, तेव्हा दुसरी 'ब'च्या वर्गातून काहीच ऐकू येत नव्हतं. मुलांना मैदानावर नेलं असेल, असं त्यांना वाटलं. दारात येऊन बघतात तर एकेचाळीस मुलं आपापल्या बाकांवर बसलेली आणि सगळी कुजबुजत होती.

हा वर्ग कुजबुजणाऱ्यांतला नव्हता. टेमघरच्या या शाळेत निम्मी मुलं निजामपुऱ्यातून रिक्षाने यायची. घराखाली, घराशेजारी, घराच्या भिंतीला लागून लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालत असल्यामुळे ती मुलं पाणीसुद्धा भांडल्यासारखं मागायची. विद्युल्लताबाईंची एकोणीस वर्षं या आवाजात गेली होती. बाराच्या सुमाराला रोज डोकं ठणकायचं. पण वर्ग कुठवर आलाय, कुणाला कळलंय, कुणाला नाही, हे त्यांना त्या गोंगाटावरूनच समजायचं.

"नाजनीन, उठ. धडा वाच," त्या म्हणाल्या.

नाजनीन म्हणजे वर्गातला सगळ्यात खणखणीत आवाज. ती उभी राहिली, पुस्तक उघडलं, ओळीखाली बोट धरलं. ओठ हलू लागले. आवाज मात्र येईना.

"मोठ्याने."

नाजनीनने नकारार्थी मान हलवली. शेजारच्या मिहिरने हात वर केला आणि बाई जवळ गेल्यावर त्यांच्या कानाशी पुटपुटला, "बाई, मोठ्याने बोललं की आवाज पळून जातो. मग आई ओळखत नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

"टुकूचा गेला ना. दीपेशसरांनी दाखवलं."

मधल्या सुट्टीत त्यांनी दीपेशला गाठलं. दीपेश कॉम्प्युटर शिकवायचा. चोवीस-पंचवीस वर्षांचा, कामसू, पण कुठल्याही गोष्टीत दहा मिनिटांपलीकडे न टिकणारा. शनिवारी त्याच्याकडे बदलीचा तास होता. मुलं ऐकेनात, म्हणून त्याने मोठ्या पडद्यावर 'पिंपळवाडीची पिल्लं' या मालिकेतला एक भाग लावला होता.

"लहान मुलांचंच कार्टून आहे हो बाई. सशाचं पिल्लू वगैरे. शेवटी चांगला मेसेज आहे."

"तू पाहिलास पूर्ण?"

"सुरुवात पाहिली. मग जरा ऑफिसात गेलो होतो. आलो तेव्हा गाणं चालू होतं. सगळी गप्प बसली होती. मॅडमसुद्धा खूश झाल्या."

मॅडम म्हणजे मुख्याध्यापिका विनिता. त्या खरंच खूश होत्या. विद्युल्लताबाई बोलायला लागल्या तसं त्यांनी हाताने थांबवलं. "दहा वर्षं मी सांगतेय, दुसरी 'ब'चा आवाज कमी करा. एका शनिवारात झाला की नाही? उलट मला वाटतं पहिलीला आणि तिसरीलाही दाखवावं. गुरुवारी शाळा समितीची बैठक आहे. तुम्ही त्या भागाचे गुण आणि दोष लिहून द्या. दोन रकाने, एक पान. गुण जरा जास्त आले तर बरं."

विद्युल्लताबाई उठल्या. समोर मॅडमचा चहा आला होता आणि चहा आला की मॅडमच्या लेखी विषय संपत असे.

घरी जाऊन त्यांनी तो भाग लावला. अकरा मिनिटांचा होता. रागानेच बघायला बसल्या. भडक रंग, कर्कश गाणी, एकमेकांच्या डोक्यात हाणणारी जनावरं असं काहीतरी असणार, ही त्यांची खात्री होती.

तसं नव्हतं. टुकू नावाचं सशाचं पिल्लू सारखं ओरडत असतं. एके दिवशी त्याच्या घशातून त्याचा आवाज बाहेर पडतो. सावरीच्या कापसासारखा पिवळट गोळा, हवेवर तरंगत निघून जातो. त्या क्षणापासून पडद्यावरचं संगीत बंद होतं. फक्त वारा, आणि टुकूची पावलं. तो घरी येतो, दार वाजवतो. आई दार उघडते, खाली वाकून अगदी मायेने विचारते, "कोण रे तू बाळा? कुणाचा?" टुकू तोंड उघडतो. आवाज नाही. आई म्हणते, "जा हं घरी, तुझी आई वाट बघत असेल. माझा टुकूपण येईल आता." आणि दार लावते. कडी लागल्याचा आवाज येतो. मग टुकू खिडकीतून बघतो, तर आई दोन ताटं मांडून बसली आहे. एकदा दाराकडे बघते, एकदा ताटाकडे. त्याचीच वाट बघते आहे.

विद्युल्लताबाईंनी भाग थांबवला, उठून पाणी प्यायल्या आणि परत येऊन बसल्या.

पुढे सगळंच भरभर होतं. टुकूला विहिरीच्या काठावर आवाज सापडतो, तो गिळतो, आणि लगेच पुढच्या चित्रात सगळं गाव रांगेत उभं राहून "हळू बोला, गोड बोला" म्हणत नाचतं. त्या रांगेत आईही आहे.

त्यांनी तो भाग परत पाहिला. आणखी चिडचिड झाली, कारण भाग वाईट असता तर काम सोपं होतं. ज्याने कुणी तो केला होता त्याला मुलांच्या पोटातली भीती नेमकी ठाऊक होती. आई मारत नाही, रागावत नाही, राक्षस होत नाही. ती चांगलीच राहते आणि ओळखत नाही. इतकी मोठी गोष्ट हातात घेतली, आणि शेवटी तिच्यावर एक फडतूस गाणं थापून मोकळे झाले! बाईंनी वहीत 'गुण' असा रकाना आखून त्याखाली चार ओळी लिहिल्या. 'दोष'च्या रकान्यात लिहिलं, 'शेवट.' मग तेही खोडलं. नुसतं 'शेवट' म्हणून मॅडमना काय कळणार होतं?

मंगळवारी सकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर सत्तर मेसेज साचले होते. मिहिरचे वडील शरच्चंद्र प्रधान कोर्टात कारकून होते आणि मेसेजही अर्जासारखे लिहायचे. 'सदर कार्टूनमुळे आमच्या पाल्याच्या वर्तनात लक्षणीय सुधारणा झाली असून घरात शांतता आहे. शाळेचे आभार.' खाली दहा-बारा अंगठे. त्याखाली एक आई म्हणत होती, मुलगा रात्री अंथरूण ओलं करतो. तिला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

शाळा सुटायच्या वेळी नाजनीनची आई बिल्किस ऑफिसच्या बाहेर उभी दिसली. डोळे सुजलेले, पण आवाज तापलेला.

"बाई, काय केलंत तुम्ही माझ्या पोरीला?"

"बिल्किसभाभी, बसा आधी."

"बसायला न्हाय आले मी." तिने उभ्यानेच सांगितलं. आदल्या दिवशी दुपारी नाजनीन गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेली. सासूबाईंना ठाऊक नव्हतं, त्यांनी वाऱ्याने आपटतंय म्हणून गच्चीचं दार आतून लावून घेतलं. खाली लूम चालू. तास गेला, दीड तास गेला. बिल्किस सगळ्या गल्लीत शोधून आली. शेवटी जाऊबाई कशाला तरी वर गेली आणि दार उघडलं, तर नाजनीन दाराला टेकून उन्हात बसलेली. तोंड लालबुंद, ओठ सुकलेले.

"मी म्हटलं, दार का न्हाय ठोकलंस? हाक का न्हाय मारलीस? समोरच्या छतावर माणसं होती, त्यांना का न्हाय बोलावलंस? तर काय म्हणते ठाऊक हाय? कानात म्हणते, 'अम्मी, आवाज गेला असता तर तू मला आत घेतलं नसतंस.'" बिल्किसने ओढणीने तोंड पुसलं. "मी घेतलं नसतं? मी?"

विद्युल्लताबाईंनी खांद्याला पर्स अडकवली. मग त्या म्हणाल्या, "मी येते तुमच्याबरोबर. आत्ताच येते."

निजामपुऱ्यात बिल्किसच्या सासरचा लहान कारखाना होता. खाली बारा लूम, वर घर. जिना चढताना कठडासुद्धा हाताखाली थरथरत होता. वरच्या खोलीत नाजनीन आणि तिची दोन चुलत भावंडं खाली बसली होती. हमजा आठ वर्षांचा, रुखसार पाचची. बाईंना बघून नाजनीन उठली आणि नमस्कारासाठी नुसते ओठ हलवले.

बाईंनी मोबाईलवर तो भाग लावला आणि तिला जवळ घेतलं. त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, की चित्र थांबवत थांबवत, समजावत समजावत दाखवलं की भीती जाईल. इतक्या वर्षांत अशी किती भुतं त्यांनी मुलांच्या डोक्यातून काढली होती.

"हे बघ, हे चित्र आहे. कुणीतरी काढलेलं."

नाजनीनने मान डोलावली. ते तिला माहीतच होतं.

"आवाज असा कधी घशातून बाहेर जात नाही."

पुन्हा मान. मग तिने बाईंचं बोट धरून चित्र पुढे ढकललं, दार बंद होतं तिथपर्यंत, आणि त्यांच्या कानाशी आली. "नंतर तिने दार उघडलं?"

"उघडलंच असणार. शेवटी गाण्यात आई आहे की नाही?"

"गाण्यात सगळेच हायत. घोरपडपण हाय."

"पण ती त्याची आई आहे, बाळा. तिने उघडलं."

"दाखवलं न्हाय."

"सगळं दाखवत नाहीत. काही गोष्टी आपण समजून घ्यायच्या असतात."

"तुम्हाला कसं ठाऊक? दाखवलं न्हाय."

खाली लूमचा खडखडाट, कानात सात वर्षांच्या पोरीची कुजबुज, आणि तिच्या म्हणण्यात एकही चूक काढता येत नव्हती. विद्युल्लताबाईंनी आणखी तीन प्रकारे सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच दोन शब्द परत आले. शेवटी त्यांचा स्वर चढला. "अगं, मी शिकवते ना तुला? माझ्यावर विश्वास नाही का?" आणि हे आपण काय बोललो, असं त्यांना लगेच वाटलं. पोरगी त्यांच्याकडे दयेने बघत होती.

बिल्किस इतका वेळ भिंतीशी उभी होती. कुजबूज तिच्यापर्यंत पोचत नव्हती, तिला नुसते हलणारे ओठ दिसत होते. "काय म्हणते?" तिने ओरडून विचारलं.

बाईंनी ओरडूनच सांगितलं, "तिला प्रश्न पडलाय, आवाज नसला तर आई ओळखेल कशावरून!"

"आवाजावरून?" बिल्किस जवळजवळ किंचाळली. "या घरात? आवाजावरून इथे कुणाला कोण ओळखतं! अगं वेडे, तुझा आवाज मला ऐकू तरी येतो का? लूम चालू असताना तू मागून ओढणी ओढतेस तेव्हा मी 'काय गं नाजनीन' म्हणते की न्हाय? वळून बघते का मी? न बघता म्हणते ना?"

नाजनीन विचारात पडली. हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"पोळ्या लाटताना बघायला वेळ असतो का मला? हमजा ओढतो तर खांद्यावरून ओढणी जाते. ही रुखसार लटकते. आणि तू दोनदा ओढतेस. बारीक, पटपट. नेहमी दोनदा."

नाजनीनने बाईंकडे पाहिलं. बाईंनाही हे नवीनच होतं, पण त्यांनी मान डोलावली.

मग परीक्षा सुरू झाली, आणि ती नाजनीननेच घेतली. तिने आईला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. वरून आईच्या डोळ्यांवर एक टॉवेल बांधला. भावंडांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, जरी त्या आवाजात गप्प करण्यासारखं काही नव्हतं. पहिल्यांदा रुखसारला पाठवलं.

"रुखसार," बिल्किस म्हणाली.

मग हमजा. "हमजा. अरे हळू, फाटेल."

मग नाजनीन स्वतः गेली आणि दोनदा बारीक ओढलं. "नाजनीन."

एवढ्यावर तिचं समाधान होईल असं बाईंना वाटलं. नाजनीनला वाटत नव्हतं. तिने परत हमजाला पाठवलं, त्याला दोनदा ओढायला शिकवून. बिल्किस एक क्षणही थांबली नाही. "हमजा, तुला कुणी शिकवलं रे?" मग नाजनीन पुढे झाली. ओढणी हातात धरली, थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग रुखसारसारखी लटकली. सगळ्या अंगाचा भार टाकून.

बिल्किस मागे कलंडली, स्वतःला सावरलं आणि हसत म्हणाली, "नाजनीन, मार खाशील."

"तू बघितलंस!" नाजनीन ओरडली. लूमच्या खडखडाटावरून, खोलीभर, खणखणीत. "अम्मी, टॉवेलखालून बघितलंस! चीटिंग!"

"न्हाय बघितलं!"

"बघितलं! बाई, हिने बघितलं ना?"

बाईंनी सांगितलं की नाही बघितलं. नाजनीनला ते पटलं नाही. परत एकदा व्हायला हवं, टॉवेल नीट बांधून. हमजा म्हणाला, आता माझी पाळी. रुखसारला उगाचच रडू फुटलं. सासूबाई आतून विचारायला आल्या की काय गोंधळ आहे. बिल्किसच्या डोळ्यांतलं पाणी टॉवेलात गेलं असावं, कारण तिने तो काढायला जरा वेळ लावला.

बुधवारी विद्युल्लताबाईंनी अहवाल लिहिला. दोन रकाने आखले नाहीत. सरळ लिहिलं, की हा भाग उत्तम बनवलेला आहे. संगीत थांबवण्याची कल्पना, आईचा मायाळू चेहरा, खिडकीतून दिसणारी दोन ताटं, हे मुलांच्या मनात घर करतं. आणि नेमकं म्हणूनच त्यातला दोष मोठा आहे. मुलाला बंद दाराबाहेर उभं केलं, आणि दार उघडलेलं दाखवलंच नाही. तिथे गाणं लावलं. गाण्याने उपदेश होतो, भीती जात नाही. शेवटची ओळ त्यांनी दोनदा लिहून खोडली आणि तिसऱ्यांदा ठेवली. 'असा भाग लावून मोठ्या माणसाने वर्गाबाहेर जाऊ नये.'

गुरुवारी समितीसमोर मॅडमनी अहवालातलं पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. "उत्तम बनवलेला आहे. बघा, बाईंचंही हेच मत आहे."

"पुढे वाचा ना," विद्युल्लताबाई म्हणाल्या.

"वेळ कमी आहे हो."

पालक प्रतिनिधी म्हणून शरच्चंद्र प्रधान आले होते. त्यांनी प्रस्ताव मांडला की महिन्यातून एकदा असे संस्कारक्षम भाग दाखवावेत. समितीतले एक गृहस्थ एकदम उसळले. त्यांनी भाग पाहिला नव्हता, पण कार्टून म्हणजे मुलांची वाट लावणारी गोष्ट, तेव्हा पडदाच काढून टाका, असं त्यांचं म्हणणं. दोघांचं जुंपलं. दीपेश खाली मान घालून बसला होता.

"अहो, तुमच्यापैकी पूर्ण कुणी पाहिलाय तो?" विद्युल्लताबाईंनी विचारलं.

शरच्चंद्र समोरचे कागद चाळू लागले, मॅडमनी घड्याळ बघितलं.

"अकरा मिनिटं. पाच दिवसांत अकरा मिनिटं कुणाला मिळाली नाहीत? इथे एक म्हणतो दर महिन्याला लावा, एक म्हणतो पडदा काढा. एक पोर दीड तास उन्हात बसली, कारण तिला वाटलं आई घरात घेणार नाही. मी म्हणत नाही की कार्टून वाईट आहे. चांगलं आहे! चांगलं आहे म्हणून तर सोबत बसायला पाहिजे. मुलं गप्प झाली म्हणजे शहाणी झाली, असं वाटतं का तुम्हाला? ती घाबरली आहेत!"

त्यांचा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला असावा, कारण शिपाई मोरू पाणी घेऊन आला.

ठराव असा झाला की यापुढे काहीही दाखवण्यापूर्वी छापील अर्ज भरायचा, त्यावर मॅडमची सही घ्यायची, आणि पडद्याची किल्ली ऑफिसात राहील. सोबत बसण्याबद्दल ठरावात काही आलं नाही. पहिली आणि तिसरीचा बेत मात्र बारगळला. बैठक संपल्यावर दीपेश बाईंजवळ आला. "मी काल रात्री पूर्ण बघितला," तो म्हणाला. "बघायला हवा होता आधी." बाईंना त्याच्यावर आणखी चिडायचं होतं, पण जमलं नाही.

शुक्रवारी त्यांनी वर्गात कोरे कागद वाटले. "टुकूला आवाज सापडला. तो घरी गेला. दाराशी काय झालं, ते काढा." मुलांनी काढलं. कुणाच्या आईने टुकूला उचलून घेतलं होतं, कुणाच्या आईने आधी एक फटका दिला होता. एकीच्या चित्रात टुकूच घरात न जाता आजीकडे राहायला गेला होता. नाजनीनच्या चित्रात आई पाठमोरी होती आणि टुकू तिची ओढणी ओढत होता. चित्रांवरून वाद सुरू झाले, खऱ्या टुकूने काय केलं असतं यावर दोन गट पडले, आणि तासाच्या शेवटाला विद्युल्लताबाईंचं डोकं नेहमीसारखं ठणकू लागलं.

फक्त मिहिर कुजबुजत राहिला. त्याने दार काढलं होतं, नीट पट्टीने, आणि दारासमोर कुणीच नव्हतं. बाईंनी त्याच्या वडिलांना फोन केला. "एकदा त्याच्याबरोबर बसून बघा. नुसतं बसा."

"बाई, चांगली सवय लागली आहे, ती कशाला मोडायची?" शरच्चंद्र म्हणाले. मग जरा थांबून, "शनिवारी बघू वेळ मिळाला तर."

वेळ मिळाला की नाही, ते बाईंना कळलं नाही. त्यांनी सोमवारपासून नाजनीनला मिहिरच्या अगदी शेजारी सरकवलं, मधलं अंतर काढून. नाजनीनला धीर कमी. मिहिर काही म्हणाला की ती म्हणायची, "काय? ऐकू न्हाय आलं. परत बोल." तीन दिवस तिने त्याला एकेक वाक्य चार चार वेळा म्हणायला लावलं. चौथ्या दिवशी शुद्धलेखनाच्या तासाला तिने त्याची पेन्सिल घेतली, आणि तो कुजबुजत मागत असताना खुशाल त्याच पेन्सिलने लिहीत राहिली.

"ए, माझी पेन्सिल दे!" मिहिर इतक्या जोराने ओरडला की पुढच्या बाकावरची मुलं दचकून वळली. तो स्वतःही दचकला. त्याने हात गळ्याशी नेला, क्षणभर तसाच बसला, आणि मग आणखी मोठ्याने म्हणाला, "दे! माझी आहे!"

"तुझी न्हाय! माझी हाय!"

विद्युल्लताबाई खुर्चीवरून उठल्या. शाळेत असं किंचाळायचं का, म्हणून दोघांनाही उभं केलं, दोघांनाही रागावल्या, आणि दोघांचेही कंपास उघडायला लावले. पेन्सिल मिहिरचीच होती.